सायबर इसेन्शियल्स: साधं पुरेल की प्लस करावं?

ब्रिटनमध्ये छोटा व्यवसाय करणाऱ्या ओळखीच्या मंडळींकडून हा प्रश्न मला वरचेवर येतो. सायबर इसेन्शियल्स म्हणजे सायबर हल्ल्यांपासून बचावाची मूलभूत काळजी व्यवसायानं घेतली आहे, असं सांगणारं ब्रिटिश सरकारच्या पाठिंब्याचं सर्टिफिकेट. साध्यात आपण प्रश्नावली भरून देतो, प्लसमध्ये असेसर, म्हणजे परीक्षक, ते स्वतः तपासून बघतो. कुणाला कौन्सिलचं टेंडर भरायचं असतं, कुणाच्या मोठ्या गिऱ्हाइकानं करार नवा करताना सर्टिफिकेटची अट घातलेली असते. स्लाउमध्ये माझं अकाउंट्स आणि पेरोलचं ऑफिस आहे. आम्ही आठ जण, त्यातला एक पुण्याहून काम करतो. तीन वर्षं आम्ही साधं सर्टिफिकेट घेतलं, गेल्या वर्षी पहिल्यांदा प्लस केलं.

आयएसओ २७००१, म्हणजे माहितीच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक, त्याचा विषय आधी बाजूला काढतो, कारण पुष्कळांच्या मनात तिथूनच गोंधळ सुरू होतो. गिऱ्हाईक नाव घेऊन तेच मागत असेल तर करावंच लागेल, आणि पुण्यात बसून परदेशी कंपन्यांची कामं करणाऱ्यांना बहुधा त्याचीच विचारणा होते. पण २०२२ च्या आवृत्तीत ९३ नियंत्रणं, म्हणजे सुरक्षेचे उपाय, आहेत, शिवाय दरवर्षी ऑडिट. मी एका सल्लागाराकडून नमुन्याची धोरणं मागवली होती. पहिल्याच फाइलमध्ये सर्व्हर रूमच्या किल्ल्यांची नोंद कशी ठेवायची, यावर दोन पानं होती. आमच्याकडे सर्व्हर रूमच नाही. महिनाभर कागद तयार करत बसायचं आणि तोवर एकाही लॅपटॉपला हात लागायचा नाही, हे मला पटेना. ते तिथंच सोडलं.

आता साध्याबद्दल. त्याला कमी लेखू नका. प्रश्नावली भरताना पहिल्यांदा आपल्याकडे नक्की काय काय आहे हे कळतं. ऑफिसचा मेल ज्या मोबाइलवर उघडतो तो मोजणीत येतो, मग तो ज्याचा त्याचा स्वतःचा का असेना. पहिल्या वर्षी मी वही घेऊन प्रत्येकाच्या टेबलापाशी गेलो, तेव्हा दोन मोबाइल असे निघाले की त्यांना मोबाइल बनवणाऱ्या कंपनीकडून सुरक्षा अपडेट येणंच बंद झालं होतं. त्यांवरून मेल काढून टाकला. पुण्यातल्या सहकाऱ्याच्या घरचं राउटर इंटरनेट कंपनीचं, त्यामुळे ते हिशेबात धरत नाहीत. म्हणून त्याच्या लॅपटॉपवरचा फायरवॉल, म्हणजे इंटरनेटवरून आत येऊ पाहणारं नको ते अडवणारी सोय, चालू असणं महत्त्वाचं. हे सगळं आम्ही त्या प्रश्नावलीमुळे शिकलो.

खर्चही झेपणारा आहे. नऊपर्यंत माणसं असतील तर फी ३२० पौंड आणि वर व्हॅट, एवढीच आम्ही भरली. उत्तरांत काही चुकलं तर दोन कामाच्या दिवसांत सुधारून परत पाठवता येतं. अख्खा व्यवसाय सर्टिफिकेटखाली घेतला, नोंदणी ब्रिटनमधली असली आणि उलाढाल दोन कोटी पौंडांच्या आत असली, तर २५,००० पौंडांचा सायबर विमाही सोबत मिळतो. पुण्यातल्या कंपनीनं हे सर्टिफिकेट घेतलं तरी हा विमा तिला लागू होत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

मग प्लसकडे का वळलो? एका प्रश्नामुळे. गंभीर अपडेट १४ दिवसांच्या आत सगळीकडे बसतात का, असा तो प्रश्न. तीन वर्षं मी त्याला ‘होय’ लिहिलं, आणि मनापासून लिहिलं, कारण ऑटो-अपडेट सगळीकडे चालू होतं. पण ते ‘होय’ पडताळायला कुणी आलं नाही. असेसर माझं उत्तर वाचतो, लॅपटॉप पाहत नाही. लोकांचे पगार, बँक खाती, पत्ते आमच्याकडे असतात. त्या उत्तराखाली संचालक म्हणून माझी ग्वाही जायची, तेव्हा दरवर्षी मन खात राहायचं. हे नक्की खरं आहे ना?

प्लसमध्ये प्रश्न आणि नियम तेच, फक्त समोरचा स्वतः तपासतो. आमचा असेसर स्क्रीन शेअर करून बसला. त्यानं चाचणीच्या फाइली जोडलेले मेल एकामागोमाग एक पाठवले आणि आमच्या पेरोल सांभाळणाऱ्या ताईंना त्या उघडायला सांगितल्या. प्रत्येक वेळी अडवणारी खिडकी येते का, हे आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो. त्या सगळ्या अडल्या. मग लॅपटॉपांतल्या त्रुटी शोधणारा स्कॅन झाला आणि ताईंच्याच लॅपटॉपवर लाल ओळी आल्या. पगाराची शीट उघडी राहावी म्हणून त्या रोज संध्याकाळी फक्त झाकण लावून जायच्या. अपडेट उतरलेलं होतं, पण रीस्टार्टसाठी पाच आठवडे थांबलेलं. दुसऱ्या एका लॅपटॉपवर, सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या प्रोफाइलमध्ये व्हिडिओ कॉलच्या ॲपची जुनी आवृत्ती तशीच पडून होती. आम्ही नवी बसवली होती ती आमच्या प्रोफाइलमध्ये. या दोन्ही गोष्टी मला प्रश्नावलीतून कधीच दिसल्या नसत्या. दुरुस्ती करून पुन्हा तपासणी झाली आणि पास झालो.

प्लसच्या अडचणीही सांगायला हव्यात. त्याचा ठरलेला दर नाही, कोटेशन घ्यावं लागतं. आम्हाला दीड हजार पौंडांच्या आसपास पडलं, आणि ऑफिसचा जवळजवळ एक दिवस गेला. साधं सर्टिफिकेट मिळाल्यापासून तीन महिन्यांत प्लस पूर्ण करावं लागतं, तेव्हा तारखा आधीच बघा. अकाउंट्सवाल्यांनी जानेवारी टाळावा, पेरोलवाल्यांनी मार्च-एप्रिल. आम्ही आता सप्टेंबर धरला आहे.

तुम्ही दोघंच असाल, दोन्ही लॅपटॉप स्वतःच्या नजरेखाली असतील आणि टेंडरमध्ये साधंच मागितलं असेल, तर वरचे पैसे घालण्याचा आग्रह मी करणार नाही. तुमचं काम वेगळं, तर गणितही वेगळं असू शकेल. पण दुसऱ्यांची माहिती सांभाळणारी पाच-सात माणसं तुमच्याकडे असतील, तर निदान एकदा तरी प्लस करून बघा, असं मला वाटतं. पुढच्या वर्षी परत साध्यावर यायला कुणाची आडकाठी नाही.

निर्णय होत नसेल तर आयएस्मीच्या वेबसाइटवरून प्रश्नावली फुकट उतरवून घ्या. योजना चालवणारी संस्था तीच. अपडेटच्या प्रश्नापाशी आलात की उत्तर लिहू नका. उठा, प्रत्येक लॅपटॉपवर अपडेटचं पान उघडा आणि शेवटचा रीस्टार्ट कधी झाला ते बघा. सोडून गेलेल्यांची प्रोफाइल राहिलेली असतील तर तीही उघडा.