कोहा: सहा वर्षं वापरल्यावरचा रिव्ह्यू, खारं वारं आणि झेब्रा धरून

आमच्या लायब्ररीत कोहा, म्हणजे पुस्तकांची यादी, शोध आणि देवघेव सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसवून आता सहा वर्षं होतील, म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं, कारण दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या कॉलेजातून फोन येतो की मॅडम कोहा घेऊ का, खरंच फुकट आहे का, मराठीत सर्च होतं का, आणि मी दरवेळी अर्धा तास तेच तेच बोलत बसते. मी सिंधुदुर्गात, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या जवळ, एका विद्यापीठाच्या केंद्राच्या लायब्ररीत असिस्टंट लायब्रेरियन आहे. नाव नको, उगाच वरच्या ऑफिसात चर्चा. कॉम्प्युटरचं म्हणाल तर एमलिबला होतं तेवढंच शिक्षण, बाकी सगळं धक्के खात शिकले. पाचपैकी चार स्टार देतेय, एक कुठे कापला ते पुढे येईलच.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या लायब्ररी ट्रस्टची जुनी सिस्टीम वायटूकेत, म्हणजे सन २००० च्या तारखांच्या घोळात, मान टाकणार होती, म्हणून त्यांनी काटिपो नावाच्या कंपनीकडून १९९९ मध्ये नवीन बनवून घेतली, जानेवारी २००० मध्ये चालू केली आणि मग सगळ्या जगाला वापरायला मोकळी करून टाकली. कोहा म्हणजे माओरी भाषेत भेट, पाहुण्यानं यजमानाकडे रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून नेतात तसली, आपण नारळ नाहीतर पोह्यांची पुडी नेतो तसं. लायसन्सचा पैसा खरंच लागत नाही. पण सर्व्हर लागतो, लिनक्स लागतं आणि रोज सकाळी त्याच्याकडे बघणारं माणूस लागतं, आणि हे तिसरं कुठल्याच बजेटात नसतं. सोल, म्हणजे असंच दुसरं लायब्ररीचं सॉफ्टवेअर, घेऊ की कोहा हाही प्रश्न येतो. तुमच्याकडे सगळं विंडोजवर आहे आणि लिनक्सचं नाव काढलं की स्टाफ पळतो असं असेल तर इन्फ्लिबनेटचं सोल सुद्धा खुशाल बघा, कुणी रागावणार नाही.

आता मुद्द्याचं, म्हणजे झेब्रा, कोहात पुस्तकं शोधून देणारा भाग. आमच्या लायब्ररीत सगळ्यात जास्त घेतलं जाणारं जनावराचं नाव हेच. आमचे शिपाई मामा आधी येऊन सांगायचे, "मॅडमानु, काल चढवलेला पुस्तक आज खंयच गावना नाय," आता नुसतं दारातून "झेब्रो परत निजलो" म्हणतात आणि काय ते मला कळतं. होतं असं की तुम्ही रेकॉर्ड सेव्ह करता ते डेटाबेसमध्ये जातं, पण सर्च डेटाबेसमध्ये होतच नाही, तो होतो झेब्राच्या इंडेक्समध्ये, आणि नवीन रेकॉर्ड त्या इंडेक्समध्ये नेऊन टाकणारा एक छोटा प्रोग्राम मागे सतत चालू असावा लागतो. लाईट फटकन गेली, यूपीएसनं दगा दिला, सर्व्हर बंद पडून परत उठला की कधी कधी हा प्रोग्राम उठतच नाही नाहीतर इंडेक्स अर्धवट राहतो. ओळखायची खूण सोपी आहे, बारकोड मारून पुस्तक इश्यू होतंय पण सर्चला दिसत नाहीये, म्हणजे डेटा शाबूत आहे, घाबरू नका, वेंडरला लगेच फोन करू नका. झेब्रा आणि इंडेक्सर, म्हणजे तोच छोटा प्रोग्राम, रीस्टार्ट करा, तेवढ्यानं झालं नाही तर कोहा-रिबिल्ड-झेब्रा ही कमांड, सोबत एफ आणि व्ही, शेवटी आपल्या इन्स्टन्सचं, म्हणजे सर्व्हरवर आपल्या कोहाला दिलेलं, नाव. एफ म्हणजे सगळा इंडेक्स पुसून पहिल्यापासून, त्यामुळे ते चालू असताना ओपॅकवर, म्हणजे वाचकांच्या शोधाच्या पानावर, पुस्तकं गायब दिसतात, म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत करते, नाहीतर पोरं काउंटरवर येऊन विचारतात की लायब्ररी विकली का.

पहिले तीन महिने आमचा समज होता की कोहात मराठी सर्च होतच नाही. टायटल दिसायचं देवनागरीत झकास, पण शोधायला गेलं की एकतर शून्य नाहीतर भलतंच. ज्यांनी इन्स्टॉल करून दिलं ते म्हणाले मॅडम मराठीचा प्रॉब्लेम आहे, इंग्रजी स्पेलिंगमध्ये पण एंट्री मारा. म्हणजे चाळीस हजार पुस्तकं दोन दोनदा! मग एका रात्री घरी बसून वाचत गेले तेव्हा कळलं की झेब्राला शब्द तोडायच्या दोन पद्धती आहेत, इन्स्टॉलच्या वेळी आपोआप येते ती रोमन लिपीच्या सोयीची, आणि देवनागरीसाठी आयसीयू नावाची दुसरी चालू करावी लागते. डिफॉल्ट डॉट आयडीएक्स नावाची एक फाईल असते, तिच्यात कॅरमॅपची ओळ काढून तिथे आयसीयूचेनची घालायची, झेब्रा रीस्टार्ट, परत सगळा रिबिल्ड, बस. एवढंच काम होतं. त्या दिवशी "समुद्र" टाकून एंटर मारलं आणि पानभर पुस्तकं आली तेव्हा मी आणि मामांनी चक्क चहा मागवला. कोहा घेताना वेंडरला पहिला प्रश्न हाच विचारा की आयसीयू चालू करून देणार का, आणि तो गप्प बसला तर दुसरा वेंडर बघा.

पण मराठीची गंमत तिथे संपत नाही. "किनारा" शोधलं की मिळायचं, "किनाऱ्यावर" शोधलं की अर्धीच पुस्तकं यायची. डोळ्याला दोन्ही रेकॉर्ड एकसारखी दिसत होती, एक काना मात्रा इकडे तिकडे नाही. भानगड अशी की ते दऱ्या, किनाऱ्या, वाऱ्यामधलं अर्धचंद्रासारखं र आहे ना, ते टाईप करायच्या दोन वाटा आहेत, एक नुक्ता असलेल्या र ला हलन्त देऊन आणि दुसरी साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारं अक्षर घालून. आमच्याकडे एक ताई एका कीबोर्डवर टाईप करायच्या, दुसऱ्या मोबाईलवर टाईप करून पेस्ट करायच्या, झालं, एका शब्दाचे दोन शब्द. तसंच ॲ चं, तो एकच अक्षर म्हणून युनिकोडमध्ये आला २००८ मध्ये, त्याआधीची सवय असलेले अ वर चंद्र ठेवतात. कोकणातल्या लायब्ररीत किनारा, वारा, दरी हे शब्द किती टायटलमध्ये असतील विचार करा! आम्ही शेवटी मार्क मॉडिफिकेशन टेम्प्लेट, म्हणजे एकदम पुष्कळ रेकॉर्ड बदलायचा कोहातला साचा, बनवून सगळी रेकॉर्ड एका पद्धतीची करून घेतली, आणि काउंटरच्या काचेखाली कागद ठेवलाय की र कसा टाईप करायचा. हा दोष कोहाचा नाही हे कबूल.

त्याच्याही आधीचा दोष म्हणजे जुना डेटा. आमच्या आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी नावं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये होती, स्क्रीनवर मराठी दिसायची पण आत सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ. कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार हमखास मोडतात. पोरांना कमवा-शिका योजनेत बसवून एकेक टायटल पुस्तक हातात घेऊन तपासलं, दीड वर्ष गेलं. शॉर्टकट मला तरी सापडला नाही.

ऑथॉरिटीचं, म्हणजे एका लेखकाची सगळी नावं एकमेकांना जोडायचं, काम मात्र कोहात मला मनापासून आवडतं. आमच्याच मातीतले चिं. त्र्यं. खानोलकर घ्या, कविता आरती प्रभू नावानं आणि कादंबऱ्या खानोलकर नावानं. पोरगं एका नावानं शोधतं आणि अर्धा माणूस त्याला कळतच नाही. ऑथॉरिटी रेकॉर्ड करून एका नावातून दुसऱ्या नावाकडे वाट दाखवता येते. आमच्या जुन्या कार्डाच्या ड्रॉवरमध्ये "हेही पहा" म्हणून वेगळं कार्ड असायचं, तेच इथे. त्याला वेळ लागतो, रोज पाच नावं केली तरी पुष्कळ.

बाहेरून रेकॉर्ड ओढायची सोय, झेड एकोणचाळीस पन्नास, इंग्रजी पुस्तकांसाठी सोन्यासारखी आहे, आयएसबीएन टाकला की लायब्ररी ऑफ काँग्रेसचं तयार रेकॉर्ड घरी. मराठीसाठी जरा जपून, तिथली बरीच मराठी रेकॉर्ड रोमन लिपीत डोक्यावर रेघा देऊन असतात, ती तशीच घेतलीत तर तुमच्या वाचकाला सापडणार नाहीत, देवनागरी आपल्यालाच भरावी लागते. आणि नुसतं गोल गोल फिरत बसलं तर कॅम्पसच्या फायरवॉलमध्ये २१० नंबरचा पोर्ट उघडलाय का ते आधी विचारा. आमचे चार दिवस त्यातच गेले.

आता हार्डवेअर, आणि इथे रिव्ह्यू कोहाचा कमी आणि कोकणाचा जास्त होणार आहे. घराची आगोट, म्हणजे पावसाआधीची तयारी, करतो ना आपण, झडी बांधा, लाकडं भरा, तशी मी मे महिन्याच्या शेवटी सर्व्हरची आणि काउंटरच्या पीसींची आगोट करते. खाऱ्या वाऱ्यानं रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर धरतो आणि मशीन नुसतं बीप बीप करत बसतं, रॅम काढून साधं खोडरबर हलक्या हातानं फिरवायचं आणि परत बसवायची, दहातली सात मशीनं तिथेच उठतात. यूपीएसची बॅटरी प्लग काढून खरोखर किती मिनिटं टिकते ते बघायचं, डब्यावर लिहिलेलं नाही. लॅनच्या स्विचमध्ये मुंग्या, पॉवर सप्लायमध्ये पाल, हे सगळं झालंय, पालीचं तर वर्णन करत नाही. विजा चालू झाल्या की नेटची वायर काढून ठेवायची, एका अवकाळीत दोन लॅन पोर्ट एकदम गेलेत. मदरबोर्डवरचा गोल सेल संपला की पीसी मागच्या कुठल्यातरी वर्षात जातो आणि ब्राउझर कोहा उघडायलाच नकार देतो, सुरक्षित नाही म्हणून लाल पान दाखवतो. पहिल्यांदा मी हॅकिंग झालं म्हणून घाबरले होते, निघाला किरकोळ किमतीचा सेल. बारकोड स्कॅनर बिघडला म्हणून परत पाठवायच्या आधी कीबोर्ड मराठीवर राहिलाय का बघा, स्कॅनर म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी कीबोर्डच, मराठी चालू असेल तर बारकोडातल्या इंग्रजी अक्षराच्या जागी भलतंच मराठी अक्षर उमटतं आणि कोहा म्हणतं असं पुस्तकच नाही.

दंडाचा किस्सा. पहिल्या वर्षी गणपतीत लायब्ररी बंद, पोरं गावाला, कॅलेंडरमध्ये सुट्ट्या भरायच्या राहिल्या, आणि कोहानं इमानेइतबारे गौरी-गणपतीच्या दिवसांचा सुद्धा दंड लावला. कोकणातल्या पोराला गणपतीचा दंड! काउंटरवर नुसता शिमगा. तेव्हापासून जूनमध्येच टूल्समधल्या कॅलेंडरात सगळ्या सुट्ट्या भरते आणि दंड मोजताना कॅलेंडर धरायचं ते सेटिंग चालू आहे ना ते बघते.

बॅकअप. कोहा रोज रात्री आपणहून बॅकअप घेतं, एक फाईल डेटाबेसची, एक सेटिंगची, हे ऐकून आम्ही निर्धास्त होतो. पण ते नुसते दोन दिवसांचे ठेवतं आणि तेही त्याच मशीनवर. मी एका शुक्रवारी घाईत एकदम बदल करायच्या टूलनं सहाशे पुस्तकं चुकून संदर्भ विभागात टाकली, म्हणजे कुणालाच इश्यू होईनात, आणि लक्षात आलं मंगळवारी. तोपर्यंत शुक्रवारच्या आधीचा बॅकअप पुसून गेलेला. माझीच चूक, हातानं निस्तरली. आता तीस दिवसांचे ठेवतो आणि एक कॉपी आपोआप ढगात जाते, ढगात म्हणजे क्लाऊडवर. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडात, मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आमच्या समोरून आणि त्याच जुलैत चिपळुणात पाणी, एवढं बघितल्यावर सर्व्हरच्या शेजारी पेनड्राइव्ह ठेवून त्याला बॅकअप म्हणायची हिंमत होत नाही.

वेंडरबद्दल काय सांगू. वर्षाचा करार आहे, फोन उचलतात, पण उत्तर ठरलेलं, मॅडम रीस्टार्ट करून बघा. अपडेट मे आणि नोव्हेंबरमध्ये मोठी येतात, त्यांनी एकदा मला न विचारता परीक्षेच्या आठवड्यात मारलं. आता अटच घातलीय, आधी बॅकअप, मग माझा होकार, मग अपडेट, आणि सुट्टीतच. मे महिन्यात कुणी नसतं, सगळे आंब्यात.

एक स्टार कापला तो दोन गोष्टींसाठी. काही बिघडलं की इंटर्नल सर्व्हर एरर असं कोरं पान येतं, बिचाऱ्या काउंटरवाल्याला त्यातून काहीच कळत नाही, खरं कारण लॉगच्या फोल्डरात प्लॅकच्या, म्हणजे कोहाची पानं चालवणाऱ्या भागाच्या, एरर फाईलमध्ये जाऊन शोधायचं. आणि दुसरं म्हणजे लेबलं. पुस्तकाच्या कण्यावर चिकटवायची लेबलं कोहातून मराठीत छापायला गेलात तर जोडाक्षरं सुटी होऊन पडतात, वेलांट्या भलतीकडे. ८९१.४६ हा मराठी साहित्याचा नंबर नीट येतो, खाली लेखकाची तीन अक्षरं मात्र बघवत नाहीत. फॉन्ट बदलून बघितला, सेटिंग बदलून बघितलं. सध्या यादी सीएसव्हीत काढून लिब्रे ऑफिसमध्ये लेबलाचं पान बनवून छापतो, दमट हवेत डिंक धरत नाही म्हणून वरून पारदर्शक चिकटपट्टी. कोहातूनच सरळ मराठी लेबल कुणी काढलं असेल तर कॉमेंटमध्ये सांगा, मामा आधीच दोन रीम कागद वाया गेल्याचा हिशोब मांडून बसलेत.