आईबरोबर स्टुडिओत फोटो काढले: पैसे वसूल, पण तक्रार आहेच

खरं सांगायचं तर दोन वर्षं मी हे टाळतच होते. फोनवर सारख्या त्या जाहिराती यायच्या, आई-लेक पोर्ट्रेट सेशन, दोघींनी एकाच रंगाचे गाऊन घातलेत, कपाळाला कपाळ टेकवून डोळे मिटून हसतायत आणि खाली लिहिलेलं असतं बाँडिंग एक्स्पीरियन्स. आमच्या घरात कपाळाला कपाळ लागतं ते चुकून, आणि मग शिंगं येऊ नयेत म्हणून परत एकदा टेकवायचं असतं, एवढंच आमचं बाँडिंग.

पण भावाच्या लग्नाचे फोटो आले, हजाराच्या वर असतील, त्यात मी आईचा एक फ्रेम करण्यासारखा फोटो शोधत बसले तर एक सापडेना. सगळीकडे आई आहे पण अर्धी आहे, औक्षणाचं ताट धरलेला हात आहे, कोणाच्या तरी खांद्यामागून अर्धं कपाळ आहे, नाहीतर मान वळवून कोणाला तरी जेवलात का विचारतेय. मग म्हटलं जाऊदे, करूयाच. आईला सांगितल्यावर पहिलं वाक्य काय, तर "काढून ठेव बाई एक चांगला, हार घालायला लागणारच आहे कधीतरी". झालं. तिचा होकार असाच असतो.

स्टुडिओ पुण्यातलाच, नाव मुद्दाम देत नाहीये कारण खाली तक्रार लिहिलीये आणि मुली चांगल्या होत्या. पॅकेज ८,५०० चं, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १०,०३० झाले. दोन तास, दोन कपडे, एडिट केलेले १२ फोटो आणि १२ बाय १८ इंचाची एक फ्रेम. आणि मेकअप एकीचा! पॅकेजचं नाव आई-लेक आणि मेकअप एकीचा, हे तिथे गेल्यावर कळलं, दुसरीचे १,२०० वेगळे. आई म्हणाली मला नको, पावडर लावून आलेय मी. (तिनेच शेवटी करून घेतला, मी घरून काजळ लावून गेले होते ते पुरलं.)

आता चांगलं काय होतं ते. तिथे सगळ्या मुलीच होत्या, कॅमेऱ्यावर मुलगी, लाइट हलवणारी मुलगी, मेकअपवाली मुलगी. आईला त्याचा इतका फरक पडेल असं मला वाटलं नव्हतं. ती दारातून आत आली ती पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन, आणि आत बघून पाच मिनिटांत पदर खाली. जुन्या काळातले फोटोग्राफर राजा दीनदयाळ, त्यांनी हैदराबादेत १८९२ साली फक्त बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला होता आणि तिथे फोटो काढायला इंग्रज बाई ठेवली होती हे मी कुठेतरी वाचलं होतं, तेव्हा ती पडदा पाळणाऱ्यांची गोष्ट वाटली होती. आई तर आयुष्यभर बँकेत काउंटरवर बसलेली बाई, पडद्याचा काय संबंध. पण "काकू, ब्लाउजची पट्टी दिसतेय, मी नीट करू?" हे मुलीने विचारणं आणि कोणा दादाने लांबून "मॅडम पट्टी" म्हणून ओरडणं यात किती फरक आहे ते तिथे दिसलं.

साडी नेसवायला त्यांची मुलगी होती पण आईने तिला हात लावू दिला नाही. स्वतः स्टुलावर बसली, गुडघ्यांमुळे तिला खाली बसता येत नाही, आणि माझ्या निऱ्या घालायला लागली. तोंडात तीन सेफ्टी पिना, त्या ओठात धरूनच बोलत होती, "हलू नको, श्वास घे, पोट आत, पोट आत म्हटलं ना". मी चाळीस वर्षांची बाई आहे, ऑफिसात माझ्या हाताखाली नऊ माणसं आहेत, आणि मी हात वर करून उभी. ती इरकल तिचीच, नेसताना एकदम म्हणाली "या साडीला डाग आहे बघ इथे, तुझ्या बारशाच्या दिवशीचा, निरीत दडव". तो डाग मी पहिल्यांदा पाहिला. तेवढ्यात त्या कॅमेऱ्यावाल्या मुलीने न सांगता तीनचार फोटो काढून घेतले, आम्हाला पत्ताच नाही. सगळ्या सेशनमधला सगळ्यात भारी फोटो तोच आहे, तोंडात पिना असलेला.

मग प्रॉपर फोटो सुरू झाले. आईच्या चष्म्यात लाइटची मोठी पांढरी खिडकी दिसत होती, मी म्हटलं चष्मा काढ, तर ती मुलगी नको म्हणाली, चष्म्याशिवाय काकू वेगळ्याच दिसतात, आणि तिने लाइट वर नेला आणि चष्म्याच्या काड्या कानावर जरा उचलून ठेवल्या, म्हणजे काचा किंचित खाली झुकल्या. गेली की खिडकी. घरी पण करून बघा. आणि मग ती म्हणाली, "काकू, हनुवटी जरा खाली, अजून थोडी".

आई हसायलाच लागली. म्हणाली, त्यानेही हेच सांगितलं होतं.

त्याने म्हणजे कोणी, तर सांगलीच्या फोटोग्राफरने, १९८३ साली. स्थळांना पाठवायचा फोटो. आई स्टुडिओत याआधी एकदाच गेली होती आणि ती त्यासाठी, हे मला माहीतच नव्हतं. उभं राहून पूर्ण काढायचा कारण उंची कळायला हवी, शेजारी उंच स्टँडवर प्लास्टिकची फुलं, साडी मावशीची, घड्याळ पण मावशीचं आणि ते बंद होतं. आजोबा कॅमेऱ्याच्या मागे उभे, ते बघतायत म्हणून हिला हसू येईना, आणि फोटोग्राफर सारखा हनुवटी खाली, हनुवटी खाली. तीन कॉप्या काढल्या होत्या. पत्रिकेबरोबर पोस्टाने जायच्या, नकार आला की फोटो परत यायचा, मग तोच पुढच्या स्थळाला. दोन परत यायच्या, जायच्या, कोपरे मुडपलेले. एक कुठे गेली ती परत आलीच नाही. "कोणाच्या तरी कपाटात असेन मी अजून," असं म्हणून आई इतकी हसली की मेकअपवालीला डोळ्याखाली परत पुसायला लागलं. मी विचारलं बाबांना कुठली गेली होती? म्हणाली त्यांनी फोटो मागितलाच नाही, थेट बघायला आले.

हे सगळं कॅमेऱ्यावालीने मधे न बोलता ऐकून घेतलं, घाई केली नाही, पुढची पार्टी बाहेर बसली होती तरी. यासाठी मी पूर्ण मार्क देते. घरी चाळीस वर्षांत हा विषय निघाला नाही कारण घरी आई कधी दोन मिनिटं एका जागी बसतच नाही, इथे लाइट नीट होईपर्यंत तिला बसायला लागत होतं आणि हातात करायला काही नव्हतं.

पोजेस मात्र काहीच्या काही. एकमेकींच्या डोळ्यात बघा, कानात काहीतरी सांगा. मी आईच्या कानात सांगितलं की पार्किंगचे साठ रुपये तासाला आहेत, तो फोटो फार छान आलाय, तिचे डोळे असे मोठे झालेत. कपाळाला कपाळवाला पण काढला, तो बघवत नाही. दुसरे कपडे म्हणून त्यांच्याकडचे मळखाऊ रंगाचे गाऊन होते, आईने एकदा हात लावून बघितला आणि नको म्हणून सांगितलं, मग आम्ही दोघी साध्या कॉटन साड्यांवर. जाताना बारीक चौकड्याची साडी नेऊ नका, स्क्रीनवर त्याच्या लाटा लाटा दिसतात, माझी तशी झाली. आणि पाठ टेकायची खुर्ची आधीच सांगून ठेवा, त्यांच्याकडे सगळी बारमधल्यासारखी उंच स्टुलं, आईला चढवायला दोघी लागल्या.

आता तक्रार. बारा दिवसांत देतो म्हणाले, लागले सत्तावीस. बरं आले ते कसे, तर आईला गोरी करून टाकलेली. कपाळावरच्या आठ्या गेल्या, मान इस्त्री केल्यासारखी, आणि डाव्या भुवईतला व्रण गायब. तो व्रण लहानपणी पंपाचा दांडा लागून झालाय, तिला ओळखणारा माणूस आधी तोच बघतो. माझी मुलगी फोटो बघून म्हणाली ही आजी एआयची आहे का. फोन केला तर म्हणे सगळ्यांना असंच आवडतं. आम्हाला नाही आवडत. परत पाठवले, आठवड्याने व्रण परत आला, रंगही परत आला, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत हे त्यातल्या त्यात बरं. तुम्ही जाणार असाल तर एडिट किती करायचं ते आधीच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, तोंडी नको.

दुसरं म्हणजे डिजिटल फोटो दिले ते लांब बाजूला १६०० पिक्सेलचे. प्रिंटला साधारण ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, धरलं तर त्याचा सव्वापाच इंचाचाच प्रिंट नीट येतो, आणि १२ बाय १८ ला ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. म्हणजे मोठा प्रिंट हवा तर परत त्यांच्याकडेच जा. भांडल्यावर मोठ्या फायली ड्राइव्हवर टाकल्या. पॅकेजच्या कागदावर याबद्दल एक ओळ नव्हती, मी विचारलं नव्हतं ही माझी पण चूक.

पाचपैकी साडेतीन. पिना तोंडात असलेला फोटो फ्रेमला निवडला, आई नाही म्हणत होती, लोकांना वाटेल मला दात नाहीत. आता हॉलमधे लावलाय, येणारा प्रत्येक जण थांबतो, आणि ती प्रत्येकाला साडीवरचा डाग कुठे आहे ते दाखवते, जो निरीत दडवलाय म्हणून दिसतच नाही.

काल तिचा फोन. चष्म्यातला जो सरळ समोर बघणारा आहे त्यातून पासपोर्ट साइजच्या आठ कॉप्या निघतील का विचार त्यांना, बँकेत केवायसीला मागतायत. विचारलं. दीडशे रुपये म्हणाले.