ओलितासाठी काय घ्यावं: इंजिन, मोटर की सौर पंप?

हरभऱ्याचं ओलित कशावर करायचं हे ठरवताना पैशाबरोबर धुराचाही हिशेब मांडा. या धुराची झळ सगळ्यात आधी आपल्या वावरालाच लागते.

डिझेल इंजिन नाल्यावर, शेततळ्यावर, कुठंही नेता येतं. पण 5 एचपीचं इंजिन पूर्ण भारावर तासाला सव्वा लिटरच्या आसपास डिझेल पितं आणि लिटरमागे सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड सोडतं. लिटरभर डिझेल किलोभरही भरत नाही, मग एवढं वजन कुठून येतं? जळताना डिझेलमधला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, त्याचं. कार्बन डायऑक्साइड ऊन खाली येऊ देतो, पण तापलेल्या जमिनीची उष्णता वर जाताना अडवतो. त्यातला बराच भाग शेकडो वर्षं हवेतच राहतो. कारखाने येण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे 280 भाग होता, आज 420 च्या वर आहे. हवा एका अंशानं तापली की जवळपास 7 टक्के जास्त बाष्प धरते. मग पाऊस कोसळतो तेव्हा जास्त जोरानं कोसळतो, आणि ऐन फुलोऱ्यातलं सोयाबीन पाण्यात उभं राहतं.

मोटरीचा धूर वावरात दिसत नाही, तो चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीज केंद्रांच्या चिमण्यांतून निघतो. तेवढीच मोटर तासाला साडेचार युनिटच्या जवळपास घेते. देशात युनिटमागे सरासरी 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर मोटर इंजिनाच्या जवळपास बरोबरीत येते! साडेसात एचपीपर्यंत बिल माफ आहे, हा मोठाच आधार. पण रात्रपाळीची लाईन असली की बॅटरी घेऊन सापा-रानडुकरांत पाणी वळवायला जावं लागतं.

सौर पंप चालताना धूर नाही, डिझेल नाही, रात्रीचं जागरण नाही. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याला 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला 5 टक्के रक्कम भरावी लागते. ढगाळ दिवशी धार बारीक होते, हे खरं. पण पावसानं दडी मारली की बहुतेकदा ऊन असतंच, आणि संत्र्याला एप्रिल-मेमध्ये पाणी लागतं तेव्हा तर भरपूर.

वीजजोडणी नसेल तर मी सौरच घ्या म्हणेन. जोडणी असेल तर मोटर राहू द्या, गावाचा फीडर सौर वाहिनीवर, म्हणजे सौर प्रकल्पाच्या विजेवर आणून दिवसा लाईन मिळावी म्हणून ग्रामसभेत ठराव मांडा. नवं इंजिन घेऊ नका, अडीनडीला भाड्यानं आणा. आणि सौरचा अर्ज भरण्याआधी उन्हाळ्यात विहिरीचं पाणी किती खोल जातं ते मोजून ठेवा, पंप निवडताना ते लागतं.