१००० केव्ही घ्यावी की २२००?

रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानाच्या या दोन्ही मोटरी ए२२१२च, स्टेटर (आतला न फिरणारा, तार गुंडाळलेला भाग) २२ मिमी व्यासाचा, १२ मिमी उंच. फरक तारेच्या वेढ्यांचा. केव्ही म्हणजे बिनभाराने दर व्होल्टला मिनिटाचे फेरे. ११.१ व्होल्टच्या बॅटरीवर पहिली ११ हजारांच्या आसपास फिरते, दुसरी २४ हजारांच्या वर. म्हणून पहिलीला १० इंची प्रॉप (पुढचा पंखा), दुसरीला ६ इंची. २२०० वर १० इंची चढवलात, तर मोटर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) दोन्ही गेलेच म्हणा!

सांगलीत नव्याने शिकणाऱ्याला मी १००० च सांगेन. थर्माकोलचं विमान सावकाश उडतं, चूक सावरायला वेळ मिळतो. २२०० छोट्या, चपळ विमानाला. नाकावर आपटलं की शाफ्ट, म्हणजे मोटरचा दांडा, मात्र दोन्हींचा वाकतो. आणि उसात पडलं तर आधी सापडू दे.