बिलावर नवा टायमिंग बेल्ट, गाडीत जुनाच

परराज्यातून जुनी गाडी घेऊन ती चालवत घरी आणायच्या बेतात असाल, तर गॅरेजला पैसे देण्याआधी हे वाचा. माझी फसवणूक गाडीच्या व्यवहारात झाली नाही. गाडी लांबच्या प्रवासासाठी तयार करून देतो म्हणून जे पैसे घेतले, त्यात झाली. कागदपत्रं सगळे तपासतात, त्यामुळे ठग आता तिथे हात घालत नाहीत. जे झाकणाखाली असतं आणि रस्त्यावर उभं राहून दिसत नाही, तिथे घालतात.

मी केळापूर तालुक्यातला शेतकरी, कापूस आणि तूर. नागपुरात शिकत असताना स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस पाहिली होती, तेव्हापासून ती मनात होती. बाहेरून चार दरवाजांच्या सेडानसारखी, पण आत 1.8 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 150 हॉर्सपॉवर, पाच गिअर हातात. आज अशा गाड्या थोड्याच उरल्यात आणि ज्यांच्याकडे आहेत ते जिवापाड जपतात. बंगळुरात नोकरीला असलेल्या भाच्याने एक शोधून काढली. लाल, 2005 ची. पंधरा वर्षांनंतरचं रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण झालेलं, गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला लागणारी फॉर्म 28 वरची एनओसी तयार, मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, चासी नंबर आरसीशी जुळणारा. मालकही बोलायला सरळ. व्यवहार झाला.

राष्ट्रीय महामार्ग 44 बंगळुरातून निघतो तो अनंतपूर, कर्नूल, हैदराबाद, निर्मल, आदिलाबाद करत थेट आमच्या पांढरकवड्याला येतो. पैनगंगा ओलांडली की पाटणबोरी, तिथून घर आलंच. अंतर नऊशे किलोमीटरहून जास्त, तेही मे महिन्यात. एवढ्या जुन्या गाडीला तसंच दामटणं बरोबर नव्हतं, म्हणून आधी सगळं काम करून घ्यायचं ठरलं. मालकाने एका गॅरेजचं नाव सुचवलं. जर्मन गाड्यांचं मोठं गॅरेज, काचेचं ऑफिस, छापील बिल, जीएसटी नंबर. टायमिंग बेल्ट किट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, कूलंट, इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, चार टायर. एकूण 72 हजार.

या इंजिनात टायमिंग बेल्टला एवढं महत्त्व का, ते सांगतो. पिस्टनांना जोडलेला क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह उघडणारा वरचा कॅमशाफ्ट एका ठेक्यात फिरवायचं काम हा रबरी दातांचा पट्टा करतो. चार सिलिंडर, प्रत्येकी पाच, असे 20 व्हॉल्व्ह. धावत्या गाडीत पट्टा तुटला तर उघडे राहिलेले व्हॉल्व्ह आणि वर येणारे पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिनाचा वरचा भाग क्षणात निकामी होतो. इंजिनात कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, खेळवणारा वॉटर पंपही याच पट्ट्यावर फिरतो, म्हणून दोन्ही एकदमच बदलायची रीत आहे. पट्ट्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, मजुरीही बरीच होते. न करता केल्याचं दाखवलं, तर ठगाला सगळ्यात जास्त पैसे याच कामात सुटतात.

भाचा गाडी सोडायला गेला तेव्हा काम समोर उभं राहून बघतो म्हणाला. ग्राहकाला आत परवानगी नाही, सुरक्षेचा नियम आहे, असं उत्तर मिळालं. जुने पार्ट परत द्या म्हटलं तर "भंगारवाला सकाळीच घेऊन गेला." त्याऐवजी त्यांनी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवले: उघडलेलं इंजिन, त्यावर कोरा करकरीत बेल्ट, बाजूला नव्या पार्टचे खोके. फोटो पाहून आम्ही उरलेले पैसे भरले. हे फोटो लक्षात ठेवा, त्यांच्याकडे पुन्हा येतो.

आम्ही पहाटे निघालो. कर्नूलच्या अलीकडे टोलच्या रांगेत तापमानाचा काटा हलला. या गाडीचा काटा गरम झाल्यावर 90 वर येऊन बसतो आणि तिथून सहसा हलत नाही. तो 90 च्या पुढे सरकला म्हणजे इंजिन खरंच तापलंय. रांगेतून सुटून वारा लागला की काटा खाली, पुढच्या टोलला पुन्हा वर. गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडून पूर्ण थंड होऊ दिली. (गरम असताना कूलंटच्या टाकीचं झाकण कधीही उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं.) झाकण उघडलं तर या कंपनीचं गुलाबी कूलंट असायला हवं तिथे गढूळ, गंजाचं पाणी. कूलंटचे पैसे बिलात होते. तिथून पुढे एसी बंद आणि हीटर पूर्ण चालू. हीटर लावला की इंजिनाची थोडी उष्णता आत ओढली जाते, काटा दबतो. तेलंगणातल्या मे महिन्यात काचा उघड्या टाकून, पायांवर गरम हवा घेत आम्ही गाडी आणली. निर्मलच्या पुढे रात्र झाली तेव्हा कुठे जरा बरं वाटलं. भाचा सारखा म्हणत होता, "मामा, थांबू का?" आणि मला एकच धास्ती होती, की रात्री त्या जंगलपट्ट्यात गाडी बसली तर या पोराला घेऊन कुठे जायचं.

दुसऱ्या दिवशी पांढरकवड्याच्या आमच्या मिस्त्रीकडे गाडी लावली. बेल्टचं वरचं प्लॅस्टिकचं झाकण क्लिपांवर असतं, पाना लागत नाही. त्याने झाकण काढलं, टॉर्च मारला आणि म्हणाला, "भाऊ, याले कोनं हात बी नाई लावला." झाकणाच्या खाचेत तेल आणि धूळ मिळून वर्षानुवर्षांचा काळा थर जमलेला होता, कुठेही न मोडलेला. पट्ट्याची एक कड उसवून धागे बाहेर आलेले. दातांच्या मुळाशी बारीक चिरा, पट्टा बोटाने वाकवला की त्या तोंड उघडायच्या. या पट्ट्यावर आम्ही नऊशे किलोमीटर आलो होतो. पंप बाहेर काढला तर आतला प्लॅस्टिकचा पंखा दांड्यावर सैल फिरत होता. दांडा फिरतोय, पंखा नीट फिरत नाही, मग पाणी खेळणार कसं? या इंजिनाच्या जुन्या पंपांचा हा दोष जाणकारांना चांगला माहीत आहे, त्यामुळे त्या गॅरेजला माहीत नव्हता असं म्हणायला जागा नाही.

मग मिस्त्रीने ते फोटो मागितले. फोन हातात घेऊन मोठा करून पाहिला. "हे तं डिझल हाय भाऊ." आमच्या पेट्रोल इंजिनावर चार स्पार्क प्लगांच्या डोक्यावर ठिणगीसाठी चार कॉइल बसलेल्या असतात. फोटोत त्या नव्हत्या, डिझेलचे इंजेक्टर होते. दुसऱ्याच कुणाच्या डिझेल ऑक्टाव्हियाचे फोटो आम्हाला पाठवले होते. किती जणांना तेच पाठवले असतील कोण जाणे.

टायरचा प्रकार तर वेगळाच. टायरवर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 1815 म्हणजे 2015 सालचा अठरावा आठवडा. ही तारीख बऱ्याच टायरांवर एकाच बाजूला असते. आमचे चारही टायर तारखेची बाजू आत करून बसवले होते, बाहेरून काळं पॉलिश. गाडीखाली मोबाइल धरून फोटो काढला तेव्हा 1815 दिसलं. नक्षी भरपूर होती, पण रबर कडक होऊन खाचांमध्ये तडे गेलेले. अशा टायरवर उन्हात शंभरच्या वेगाने चार माणसं बसलेली गाडी पळवली तर काय होतं, ते हायवेवर राहणाऱ्यांना सांगायला नको.

म्हणून काम द्यायच्या आधीच जुन्या बेल्टवर आणि ऑइल फिल्टरवर पेंटचा किंवा नेलपॉलिशचा ठिपका लावा आणि फोटो काढा. कामानंतर तो ठिपका जागच्या जागी असेल तर काम झालेलं नाही. जुने पार्ट परत मिळतील हे अॅडव्हान्स देण्याआधी मेसेजवर लिहून घ्या. फोटो नको, व्हिडिओ मागा, तोही नंबरप्लेटपासून सुरू होऊन मध्ये न थांबता इंजिनापर्यंत जाणारा. ब्रेक ऑइलच्या डबीत डोकावा. नवं फिकट पिवळसर असतं, चहासारखं काळपट दिसलं तर ते जुनंच आहे. पाणी शोषलेलं ब्रेक ऑइल घाटात उकळतं आणि पेडल पोकळ होतं. शिवाय जिथून गाडी घेताय त्याने सुचवलेल्या गॅरेजला काम देऊच नका. गाडीच्या आधीच्या मालकाचा आणि गॅरेजचा काय हिशेब होता हे मी सिद्ध करू शकत नाही, म्हणून त्याच्यावर आरोप करत नाही. पण तिसऱ्याच माणसाकडे गाडी नेली असती, तर तो प्रश्नच आला नसता.

फोन केले तेव्हा गॅरेजवाला आधी गोड बोलला, मग "बंगळूरला घेऊन या, बघू" म्हणाला, मग फोन उचलेना. इतक्या लांब कोण येतंय, यावरच त्यांचा धंदा चालतो. पण ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. बंगळूरला जायची गरज नाही, यवतमाळला चालतं. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तक्रार ऑनलाइनही भरता येते, मुदत दोन वर्षांची. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद केली तर त्या नोंदीचा नंबरही जोडता येतो.

मी नोटीस पाठवली आहे, तक्रार दाखल केली आहे. सोबत बिल, बँकेतून पैसे गेल्याचा पुरावा, व्हॉट्सअॅपचं पूर्ण संभाषण, मिस्त्रीने झाकण उघडतानाचा व्हिडिओ आणि नागपूरच्या दुसऱ्या गॅरेजचा लेखी अहवाल जोडला आहे. जुना बेल्ट, पंप आणि चारही टायर घरी ठेवले आहेत. कुणाकडे असाच डिझेल इंजिनाचा फोटो पेट्रोल गाडीच्या कामाचा म्हणून आला असेल, तर तो डिलीट करू नका आणि गाडीतून निघालेला जुना पार्ट भंगारात देऊ नका. तक्रारीत हेच लागतं.