पाळी जाताना हार्मोन: गोळी, जेल, की कळ काढायची?

रात्री तीनला घामाने उशी भिजते, दिवसा चारचौघांत अंगातून वाफा निघतात, आणि ओळखीतली प्रत्येक बाई बजावते, "हार्मोन घेऊ नकोस गं, कॅन्सर होतो."

ही भीती आली २००२ साली. अमेरिकेतली 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' ही मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम हार्मोन) एकत्र घेणाऱ्यांत दर १०,००० बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरच्या ८ आणि पक्षाघाताच्या ८ केसेस जास्त निघाल्या. त्यांच्यातच खुब्याचं हाड मोडण्याच्या ५ केसेस कमी झाल्या, पण त्याचा मथळा कोण करणार! शिवाय त्या बायकांचं सरासरी वय होतं ६३. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. साठीच्या आत आणि पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरुवात केली, तर हिशेब बराच वेगळा असतो.

वाफा आणि रात्रीचा घाम यांवर इस्ट्रोजेनइतकं गुणकारी औषध दुसरं नाही. वाफा साधारण पाऊणपट कमी होतात, हाडांची झीजही थांबते. आता दुसरं पारडं. पन्नाशीपासून पाच वर्षं रोज दोन्ही हार्मोन घेतलेल्या १०० जणींपैकी पुढच्या वीस वर्षांत साधारण ८ जणींना स्तनाचा कॅन्सर होतो. न घेतलेल्या १०० जणींपैकी ६ जणींना. हे आकडे पाश्चात्य देशांतले आहेत, भारतात मुळातच प्रमाण कमी आहे. झोपेविना गेलेली वर्षं एकीकडे आणि शंभरातल्या त्या दोघी दुसरीकडे, असं तोलायचं. मला पहिलं पारडं जड वाटतं. जिच्या आईला किंवा बहिणीला हा कॅन्सर झालाय, तिला कदाचित वाटणार नाही.

गर्भाची पिशवी काढलेली असेल तर एकटं इस्ट्रोजेन पुरतं, आणि स्तनाच्या कॅन्सरची वाढही फारच कमी दिसते. पिशवी असेल तर प्रोजेस्टेरॉन जोडीला हवंच, नाहीतर पिशवीचं अस्तर जाड होऊन तिथेच कॅन्सर होऊ शकतो. बीडकडच्या ऊसतोड बायकांसारखी तिशी-पस्तिशीतच पिशवी काढलेल्यांची गोष्ट निराळी. त्यात अंडाशयही गेले असतील, तर हार्मोन *न* घेणंच हाडांना आणि हृदयाला महागात पडतं. अशा बाईने, मनाई करणारं दुसरं कारण नसेल तर, पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत तरी ते घ्यावं. हे तिला ऑपरेशनच्या वेळी कुणी सांगतं का, हा प्रश्नच आहे.

गोळी की जेल? गोळी यकृतातून जाते आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढवते. जेल किंवा पॅच कातडीतून थेट रक्तात उतरतो. त्याने हा धोका वाढल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. वजन जास्त असेल तर मी जेलच मागेन, रोज चोळायचा कंटाळा आला तरी.

स्तनाचा कॅन्सर, गुठळी, पक्षाघात किंवा हार्ट अटॅक होऊन गेलेला, यकृताचा आजार, कारण न कळलेला रक्तस्राव: यांतलं काही असेल तर सहसा हार्मोनची वाट बंद. मग व्हेनलाफॅक्सिन किंवा गॅबापेंटिन ही बिनहार्मोनची औषधं डॉक्टरांकडून. गुण कमी, पण येतो. सोयाबीनने वाफा कमी होतात याचा पुरावा तोकडा आहे.

आणि त्रास फक्त कोरडेपणाचा, लघवीच्या जळजळीचा असेल, तर एवढा सगळा विचार करायचीही गरज नाही. योनीत लावायचं कमी डोसचं इस्ट्रोजेन क्रीम रक्तात नावापुरतंच उतरतं. पण हा त्रास बायका डॉक्टरांना सांगतच नाहीत, आणि डॉक्टरही विचारत नाहीत.