एएस ५६०० अँगल सेन्सर: ४ स्टार, चुंबक मात्र बघून घ्या

एमएस्सीच्या प्रोजेक्टला कॉलेजच्या गच्चीवर वातकुक्कुट लावायचं होतं (हो, शाळेच्या भूगोलातलं तेच). आधी पॉट (पोटेन्शिओमीटर, फिरवायचा रेझिस्टर) लावलेला, पण पॉटची फेरी जिथे संपते तिथे गॅप असतो आणि वारा नेमका तिथेच येऊन बसायचा, म्हणून हे मॉड्यूल मागवलं, दोनशेच्या आसपास पडलं. दांड्याच्या टोकाला छोटं चुंबक चिकटवायचं, समोर चिप, मधे अर्धा ते तीन मिलिमीटर फट, स्पर्शच नाही त्यामुळे झिजायचा प्रश्न नाही. १२ बिट, म्हणजे एका फेरीचे ४०९६ भाग, साधारण ०.०९ अंश. वाऱ्याला एवढं कशाला म्हणा, पण आहे तर आहे.

एक स्टार कापला कारण चिपचा अ‍ॅड्रेस (कंट्रोलर तिला ज्या नंबराने ओळखतो तो) फिक्स आहे, त्याच वायरींच्या जोडीवर दोन लावायचे तर मल्टिप्लेक्सर (आळीपाळीने एकेक चिप जोडणारा स्विच) घ्या. आणि डीआयआर पिन (कुठल्या बाजूला फिरवलं की आकडा वाढायचा ते ठरवणारी) मोकळी सोडू नका, ग्राउंड करा.

खरी मजा डेटात आली. थंडीत पहाटे उत्तरेचा वारा, रीडिंग ३५०, ३५५, ५, १० अंश (० म्हणजे उत्तर). एक्सेलमधे अ‍ॅव्हरेज मारलं, आलं १८०. म्हणजे चक्क दक्षिणेचा वारा! कोनांची अशी सरळ सरासरी घ्यायचीच नसते, प्रत्येकाचं साइन-कोसाइन काढून त्यांची सरासरी आणि मग एटॅन२ (त्या दोन सरासऱ्यांवरून परत कोन देणारं फंक्शन). त्यातही एक्सेल आधी कोसाइन मागतं आणि पायथन आधी साइन, माझी एक संध्याकाळ त्यात गेली. त्याच सरासऱ्यांतून आर मिळतो, म्हणजे कोन किती एकवटलेत त्याचं माप, ० ते १ मधे, वरच्या चार आकड्यांचा ०.९९, म्हणजे वारा एका दिशेला चिकटून होता.

मग रेले टेस्ट लावली (वाऱ्याला खरंच एक दिशा आहे की सगळीकडून सारखाच येतो ते बघणारी), पी व्हॅल्यू, म्हणजे सगळीकडून सारखाच येत असता तर निव्वळ योगायोगाने असा डेटा मिळण्याची शक्यता, शून्याला टेकलेली, मी खुश. सर म्हणाले, अरे सेकंदाला एक म्हणजे दिवसाचे ८६४०० आकडे, पण टेस्ट धरून चालते तसे हे एकमेकांपासून सुटे आहेत का? आत्ताचा वारा पुढच्या सेकंदाला तोच असणार ना. गप तासातासाची सरासरी घेऊन परत बसलो.

आता चुंबक. दुकानदाराने सोबत दिलेलं चुकीचं निघालं, वरची बाजू उत्तर खालची दक्षिण असं, आपल्याला लागतं ते चकतीचा अर्धा भाग उत्तर अर्धा दक्षिण. दिसायला डिट्टो सेम. कसंही फिरवा आकडा धड येईना आणि मी दोन दिवस कोडला शिव्या घालतोय. घ्यायच्या आधी चकती टेबलावर आडवी ठेवून साध्या होकायंत्राशेजारी जागच्या जागी फिरवा, सुईही फिरली तरच पैसे द्या.